कॅथलिक शाळेत मूल घातलंय, आता घरच्यांनी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला यंदा पुण्याच्या लष्कर भागातल्या एका कॅथलिक शाळेत पहिलीत प्रवेश मिळाला. घर हडपसरला, आईवडील दोघंही नोकरीवर, ने-आण सासूबाई करणार. घरात मराठीच बोलतात, कुणी ख्रिस्ती नाही. शाळा पालकांना फाटकाच्या आत येऊ देत नाही असं ऐकलंय. मग अशा शाळेत कुटुंबाने सहभागी व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि प्रार्थनेचं काय?

मी पुण्यातल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली शेवटची नऊ वर्षं प्राथमिक विभागाची सुपरवायझर होते. मी स्वतः कॅथलिक, माहेर श्रीरामपूरकडचं, घरची भाषा मराठी. नोकरीच्या पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये इंग्रजी, कोकणी आणि तमिळ चालायची आणि मी दाराजवळची खुर्ची धरून बसायचे. म्हणून तुमच्या सासूबाईंना त्या फाटकापाशी काय वाटेल याची मला चांगली कल्पना आहे.

फाटकापासूनच सुरुवात करते. शाळा सुटताना पाच-सहाशे लहान मुलं एकाच दारातून बाहेर पडतात, बाहेर रिक्षा, व्हॅन, दुचाक्या. कोणतं मूल कुणाच्या हाती द्यायचं हे त्या वीस मिनिटांत ठरतं. त्यासाठी फाटक बंद असतं. दुसरंही एक कारण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच शाळांच्या आवारातच सिस्टरांचं, म्हणजे व्रतस्थ धर्मभगिनींचं, कॉन्व्हेंट असतं, म्हणजे तिथे चार-सहा बायकांचं राहतं घर असतं. पहाटेची प्रार्थना, मिस्सा म्हणजे रोजची उपासना, स्वयंपाक, आजारी म्हाताऱ्या सिस्टरची सेवा, सगळं त्याच भिंतीच्या आत. आपण कुणाच्या घरी न सांगता शिरत नाही, तसंच हे समजा. ठरलेल्या वेळी, डायरीत दोन ओळी लिहून भेट मागितली तर ती नाकारलेली मी फारशी पाहिली नाही.

आता मुख्य गोष्ट. सहभाग म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर ॲन्युअल डे, स्पोर्ट्स डे, स्टॉल लावणं, देणगी असं येतं. ते करा, छानच आहे. पण एकतीस वर्षांनंतर मी ठामपणे सांगते, मुलाला खरा उपयोग होतो तो शाळेला त्याचं घर माहीत असण्याचा. बाकी सगळं त्याच्या नंतर.

हे मी एका चुकीतून शिकले. दुसरीतला एक मुलगा तीन आठवडे गृहपाठ आणत नव्हता. मी त्याला रोज उभं करायची. डायरीत लाल शाईने तीनदा लिहिलं, एकदाही सही आली नाही. चौथ्या आठवड्यात शाळेतल्या मावशी मला म्हणाल्या, ‘बाई, त्याची आई दवाखान्यात आहे. तो शेजारणीकडे झोपतो.’ मावशी रोज फाटकावर उभ्या असायच्या, म्हणून त्यांना ठाऊक होतं. मी रोज त्याची वही उघडत होते आणि मला पत्ता नव्हता. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी जवळ घेतलं, पण ते तीन आठवडे परत घेता आले नाहीत. आजही त्याचा चेहरा आठवला की घशाशी काहीतरी अडकतं.

पुढच्या जूनपासून मी प्रत्येक घराला एक पान लिहून मागायला लागले. कुठल्याही भाषेत. उर्दू असेल तर मी वाचून घेत असे. तुमच्या शाळेने मागितलं नाही तरी तुम्ही लिहून द्या. घरात कोण कोण राहतं, मूल कुणाजवळ झोपतं, डब्यात काय खातं आणि काय टाकून देतं, कशाला घाबरतं, शाळेतून कोण नेणार आणि कुणाच्या हाती अजिबात द्यायचं नाही. शिवाय एक अगदी साधी बाब, जिच्यावर पहिलीचे पहिले दोन महिने अवलंबून असतात. मूल घरी ‘शू’ आणि ‘शी’साठी कोणते शब्द वापरतं ते लिहा. वर्गशिक्षिका केरळच्या किंवा मंगळूरच्या असू शकतात. आपली लेक ‘बाई, शूला’ म्हणत उभी राहते, त्यांना कळत नाही आणि फ्रॉक ओला होतो. मग ती दुसऱ्या दिवशी शाळेत जायला तयार नसते आणि घरच्यांना वाटतं इंग्रजी जड जातंय. दोन वाक्यं घरी पाठ करून घ्या, एक बाथरूमला जाण्याचं, दुसरं ‘मला बरं वाटत नाही’चं. बाकीचं इंग्रजी येतं.

डायरीला बऱ्याच कॉन्व्हेंट शाळांत ‘कॅलेंडर’ म्हणतात. ते रोज संध्याकाळी उघडायचं. नोकरीमुळे तुम्हाला सभेला जमणार नाही, ते शिक्षिकांना समजतं. सही नसलेलं कॅलेंडर मात्र त्यांना वेगळं काहीतरी सांगतं. मराठीत लिहायला संकोचू नका. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे शाळेत मराठी वाचणारं माणूस असतंच. शिवाय इंग्रजी जुळवण्याच्या नादात पालक निम्मी गोष्ट गाळतात. ‘आजोबा वारले, ती रात्री दचकून उठते’ हे मराठीत चार शब्दांत लिहिता येतं.

‘समुदाय’ हा शब्द कॅथलिक शाळेच्या माहितीपत्रकात हमखास असतो. तो तिथे नुसता सजावटीला नसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेच्या, शिक्षणाबद्दलच्या १९६५ च्या जाहीरनाम्यात पालक हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असं स्पष्ट मांडलंय. शाळेने त्यांना हात द्यायचा. चर्चच्या कायद्यातही शिक्षकांनी पालकांशी जवळून सहकार्य करावं, पालकांच्या सभा भरवाव्यात असं कलम आहे. तेव्हा तुम्ही आत येऊ पाहता तेव्हा उपकार मागत नसता. एखादी शाळा हे विसरली असेल तर नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

हा समुदाय मुलांना दिसतो तो सणांतून. बहुतेक शाळांचा एक आश्रयदाता संत असतो आणि त्याचा सण हा शाळेचा वाढदिवसच. माउंट कार्मेल नावाच्या शाळेत १६ जुलै, लोयोलात ३१ जुलै, डॉन बॉस्कोत ३१ जानेवारी. ८ सप्टेंबरला येशूची आई मारिया हिचा जन्मदिवस, आमच्या नगर जिल्ह्यात त्याच सुमाराला हरेगावला मतमाउलीची, म्हणजे तिचीच, मोठी यात्रा भरते. तुमच्या शाळेचा सण कोणता हे विचारून घरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. त्या दिवशी डब्यात जरा गोड द्या, वाटून खाण्याइतकं. डिसेंबरात वर्गातली एखादी मैत्रीण नेवरी आणि कलकल हे नाताळचे गोड पदार्थ आणेल. नेवरी बघून तुमची लेक सांगेल, ‘आई, ती करंजीच होती.’ माझ्या मते पहिलीतल्या मुलीला धर्माबद्दल इतकं कळलं तरी पुष्कळ आहे.

सासूबाईंसाठी जुलै फार महत्त्वाचा. २६ जुलै हा संत अन्ना आणि योआकिम यांचा सण. ही मारियेची आई आणि वडील, म्हणजे येशूची आजी-आजोबा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठेवला. म्हणून पुष्कळ कॅथलिक शाळा त्या सुमाराला ‘ग्रँडपेरेंट्स डे’ करतात. त्याची चिठ्ठी आली की काही आज्या म्हणतात, ‘मला इंग्रजी येत नाही, मी नाही यायची.’ त्यांना पाठवाच. आमच्याकडे तिसरीच्या वर्गात मापं शिकवणं चालू होतं. एका आजींना मी पुढे बोलावलं. सासवडकडच्या होत्या. पिशवीतून त्यांनी पितळी मापटं आणि चिपटं काढलं, बाकावर तांदूळ ओतले आणि दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली असं पोरांकडून मोजून घेतलं. लिटर-मिलिलिटरात गोंधळणारी मुलं गप्प बसून मोजत होती. सिस्टर दारात उभ्या राहून बघत होत्या. नंतर त्या आजी फाटकाबाहेर उभ्या असल्या की सिस्टर थांबून बोलायच्या. दोघींचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांनीच व्हायचं.

आता प्रार्थना. सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना असते, कधी क्रुसाची खूण करून. वर्गातल्या दहातल्या सात-आठ मुलांच्या घरी ख्रिस्ती धर्म नसतो हे शाळेला माहीत असतं. प्रत्यक्षात चालतं असं की ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला वेगळी बसतात आणि बाकीच्यांना त्या वेळी मूल्यशिक्षण असतं. कायद्याचं म्हणाल तर संविधानाचं कलम २८ (३) स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, सहभागी व्हायला लावता येत नाही. तुमची हरकत असेल तर प्रवेशाच्या वेळीच लिहून द्या. तुमच्या लेकीने हात जोडून शांत उभं राहिलेलं चालत असेल तर तेवढंच तिला सांगा. मोठ्यांनी घरी धास्ती घातली की मूल असेंब्लीत रडतं, हे मी अनेकदा पाहिलं. आणि ती घरी येऊन ‘आमच्या स्वर्गातील बापा’ गुणगुणली तर घाबरू नका. माझ्या दोन्ही मुली शेजारच्या घरी ‘सुखकर्ता’ म्हणत वाढल्या.

कधीतरी वर्गातल्या कुणाचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी, असेल, साधारण तिसरी-चौथीच्या सुमारास, आणि तुम्हाला चर्चमध्ये बोलावणं येईल. जरूर जा. मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र जायचं नाही. तो देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांना वाटायचा नसतो, फक्त कॅथलिकच घेतात. हे कुणी आधी सांगत नाही आणि मग ऐन वेळी पालक गोंधळतात, म्हणून इथे लिहिलं. आणि चर्चमध्ये शिरताना परकेपणा वाटू देऊ नका. नाना पेठेतलं जुनं सिटी चर्च अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं. या शहरात हे शेजारपण तेव्हापासूनचं आहे.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ असतो, म्हणजे लेंट. त्या बुधवारी ख्रिस्ती मुलांच्या कपाळावर राखेची खूण दिसेल, लेकीला आधी सांगून ठेवा. या काळात बऱ्याच वर्गांत एक डबा ठेवतात. मुलांनी चॉकलेटचे, पेप्सीकोल्याचे पैसे वाचवून त्यात टाकायचे, पुढे ते गरजूंसाठी जातात. इथे पालक हमखास चुकतात. मूल मागे राहू नये म्हणून दप्तरात शंभराची नोट घालून देतात. कृपा करून देऊ नका. पहिलीतल्या मुलीने आठवडाभर गोळी न खाऊन पाच रुपये आणले तर ते तिचे असतात. शंभराच्या नोटेने तिचे पाच रुपयेही जातात, आणि शेजारी बसलेल्या, खरोखरच दोन रुपये आणलेल्या मुलाचा चेहरा उतरतो. घरी तिच्यासाठी एक छोटी बरणी ठेवा, तिच्या हाताने नाणं पडू द्या, आणि तुम्हीही त्या काळात काहीतरी सोडा. चहा सोडला तरी चालेल. मुलं मोठ्यांकडे बघत असतात.

वेळ नसलेल्या पालकांनी काय करावं, याचं उत्तर मला एका दूधवाल्या बापाने दिलं. मांजरी गावात त्याचा गोठा होता. मुलगा आमच्याकडे चौथीपर्यंत शिकला. बाप एकाही सभेला आला नाही, दुधाची वेळ आणि सभेची वेळ एकच. पण पहिल्या वर्षी मुलाने घरी सांगितलं, की नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बनवायला शाळेत पेंढा हवाय. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तो दोन पेंढ्या स्कूटरवर बांधून फाटकाशी हजर. मुलगा शाळेतून गेल्यावरही दर डिसेंबरात पेंढा येत राहिला. त्याला कधी कुणी व्यासपीठावर बोलावलं नाही, आणि शाळेतल्या प्रत्येक मावशीला, शिपाईमामांना, सिस्टरला तो ओळखीचा होता. तुमच्या घरात असं काय आहे ते बघा. कुणाला शिवण येतं, कुणी सुट्टीच्या दिवशी बाग नीट करू शकतं, कुणी वाचनाच्या तासाला मराठी गोष्ट सांगू शकतं. एकच गोष्ट, पण दरवर्षी.

पालक-शिक्षक संघाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम खासगी शाळांना लागू आहे. त्याप्रमाणे प्रत्येक पालक संघाचा सभासद असतो, आणि इच्छुक पालकांमधून कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जाते, त्यात निम्म्या स्त्रिया हव्यात. समितीची मुदत एक वर्षाची. फीवाढीचा प्रस्ताव पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान ६ महिने आधी या समितीपुढे यावा लागतो. म्हणून इच्छुक म्हणून नाव जरूर द्या, विशेषतः आयांनी. शेजारच्या महापालिका शाळेतली ‘शाळा व्यवस्थापन समिती’ इथे शोधू नका. ती शिक्षण हक्क कायद्यातली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. तुमच्या हाती जे आहे ते पालक-शिक्षक संघ.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाबद्दल माझं मत कडक आहे. सूचना वाचा, हरवलेल्या डब्याची चौकशी करा, तेवढ्यावर थांबा. शिक्षिकेबद्दलची तक्रार तिथे टाकलीत की ती साठ घरांत जाते आणि साठ मुलं दुसऱ्या दिवशी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. तक्रार असेल तर आधी वर्गशिक्षिका, मग सुपरवायझर, मग प्रिन्सिपॉल, समोर बसून. हेही लक्षात ठेवा, की प्रिन्सिपॉल सिस्टर काही वर्षांनी बदलून जातात, त्यांच्या धर्मसंघाकडून बदलीचा हुकूम येतो आणि त्या एका सुटकेसनिशी निघतात. ज्या शिक्षिका आणि मावशी इथल्याच, त्या राहतात. शाळेची आठवण त्यांच्याकडे असते.

कुणाच्या घरी दुःख झालं तर मात्र गटावर हात जोडल्याचं चित्र टाकून थांबू नका. आमच्या शाळेत एका मुलीचे वडील गेले तेव्हा वर्गातल्या आयांनी आपसांत वार वाटून घेतले आणि महिनाभर तिच्या डब्याची सोय केली. सोमवारी इडली, मंगळवारी पोळी-भाजी, बुधवारी अंड्याची पोळी. कुणी कुठल्या धर्माची ते तिथे मोजलं नाही. मुलीच्या आईने तीन महिन्यांनी स्वतःच एका वाराचा डबा उचलला, दुसऱ्या एका घरासाठी.

तुमच्यासाठी जूनचा पहिला आठवडा असा ठेवा. घराचं ते एक पान लिहून शिक्षिकेच्या हाती द्या, दप्तरात नको. मुलीला घ्यायला येणाऱ्या दोन माणसांचे फोटो आणि नंबर कॅलेंडरात लावा. तुम्ही किंवा तुमचे यजमान, दोघांपैकी एकाने पहिल्या शनिवारी रजा टाकून भेटीची वेळ मागा आणि दहा मिनिटांत उठा. आणि सासूबाईंना सांगा, पहिल्या दिवशी जरा लवकर जा, आणि फाटकावरच्या मावशींचं नाव विचारून या.